सहाशे मीटरवरचे साडू

जगात अचूक माणूस एकच झाला आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या, पदरात पडला, असं माझं ठाम मत आहे. माझे हे साडू कुकटपल्लीजवळच्या एका सरकारी कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासायच्या कामावर होते. केसाच्या जाडीइतकी चूक असली तरी यंत्र परत पाठवत, आणि ती सवय संध्याकाळी घरी घेऊन येत. अक्कांची पोळी जरा लांबट झाली तर ते खात, पण खाण्याआधी तिच्याकडे एकदा बघत. त्या बघण्यापायी अक्कांनी दोनदा पोळ्या करणं सोडून दिलं होतं. दोन्ही वेळा साडू हॉटेलातल्या इडल्यांवर राहिले. इडल्या साच्यातल्या असतात, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. पुढं देशानं दारं उघडली. परदेशी यंत्रं आत आली, आमची पोरं बाहेर गेली, आणि साडूंना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात इच्छा सरकारची होती, साडूंच्या वाट्याला नुसती निवृत्ती आली.

त्यांचा एकुलता एक मिलिंद अमेरिकेत संगणकाच्या नोकरीला लागला त्याला तोवर तीन वर्षं होऊन गेली होती आणि तो एकदाही घरी आला नव्हता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई. "जेवलास का?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." "थांब, आईला देतो." एवढ्यात बापलेकांचं बोलणं आटपे. फोन ठेवला की मिलिंद तिकडं मित्रांबरोबर संगणकावर दोन तास लढाईचा एक खेळ खेळायला बसायचा. खेळ अगदी खऱ्यासारखा होता. गोळी लांब गेली की खाली येते, वाऱ्यानं सरकते, धावून आल्यावर नेम हलतो. साडूंनी एकदा चाचरत विचारलं, "मी आलो तर चालेल का रे?" मिलिंद हसून म्हणाला, "बाबा, सहाशे मीटरवर नेम लावून दाखवा, घेतो तुम्हाला." तो बोलून विसरला असेल, साडू विसरले नाहीत. पोराबरोबर आठवड्याचे दोन तास मिळणार होते आणि मध्ये फक्त सहाशे मीटर होते.

मिलिंदच्या मागं राहिलेल्या संगणकापुढं साडू रोज सकाळी आंघोळ करून, पूर्वी कारखान्यात घालायचे तो शर्ट घालून बसू लागले. नेम स्थिर राहावा म्हणून खेळात श्वास रोखायचं एक बटण असतं. साडू बटण दाबताना स्वतःचाही श्वास रोखत. एकदा त्यांचा चेहरा काळानिळा झालेला बघून अक्कांनी मला फोन केला. मी अंबरपेठेहून दोन बस बदलून धापा टाकत पोचलो, तर साडू पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "असं हौल्यावाणी, येड्यावाणी पळत कायकू यायलाव साडूभाऊ? डावीकडून वारं हाय, जरा सबर करा." ते वारं पडेपर्यंत मला पाणीसुद्धा मिळालं नाही.

दुर्बिणीतल्या रेघांवर माणूस किती उंच दिसतो त्यावरून त्याचं अंतर काढायचं असतं. हे शास्त्र साडूंना इतकं आवडलं की त्यांनी ते रस्त्यावर आणलं. एका लग्नात त्यांनी एक डोळा मिटला, अंगठा पुढं धरला आणि बोहल्यावरच्या नवरीकडे बघून जाहीर केलं, "बेचाळीस मीटर." नवरीच्या मामांनी हा डोळा मिटणं नेमकं पाहिलं होतं. त्यांची समजूत घालता घालता माझी पंगत उठून गेली.

पण दोन महिन्यांत सहाशे मीटरवरच्या खांबावर मारलेली त्यांची एकही गोळी चुकेना. मग त्यांनी बंदुकीवरची अंतराची चकती सहाशेवर आणली आणि ती तिथंच ठेवली. मिलिंदनं फोनवर बजावलं की शत्रू जवळ दिसला तर चकती फिरवायची, नाहीतर गोळी डोक्यावरून जाते. साडू म्हणाले, "तपासून मोहर लावलेलं यंत्र पुन्हा उघडायचं नसतं बेटा." यावर बापलेक वीस मिनिटं भांडले. मोठ्या खुशीत साडूंनी मला ते दोनदा सांगितलं.

बापलेकांच्या पहिल्या खेळाच्या रविवारी मी मुद्दाम उपमा खायला गेलो होतो. साडू टेकडीवर पालथे पडलेले, म्हणजे खुर्चीत बसलेलेच, आणि खाली मिलिंदचा शिपाई एका गोदामाकडे धावतोय. एवढ्यात साडूंपासून जेमतेम दोनशे मीटरवर, मिलिंदच्या पाठीमागून एक शत्रू निघाला. साडूंनी वारं बघितलं, श्वास रोखला, नेम अगदी बरोबर धरला. गोळी त्या माणसाच्या डोक्यावरून निघून गेली आणि पुढच्या क्षणी मिलिंद पडला.

"मिलू, लागलं का रे? मिलू." साडूंचा आवाज ओळखू येईना. स्पीकरमधून मिलिंद हसला. "काही नाही बाबा. तीस सेकंदांत परत येतो." साडूंनी चकती दोनशेवर आणली. मग ते मोठ्यानं आकडे मोजू लागले. स्वयंपाकघरातून अक्कांनी विचारलं, "कोण येणार हाय?" "मिलू यायलाय," साडू म्हणाले आणि पुन्हा मोजायला लागले. अक्का ओल्या हातांनीच बाहेर आल्या. तीस म्हणताच पडद्याच्या कडेला पाठीवर ओझं घेतलेला, शिरस्त्राण घातलेला एक शिपाई येऊन उभा राहिला. त्याचं तोंड पलीकडे होतं. अक्कांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"किती वाळलाय हो," त्या म्हणाल्या.

मी या माणसाला आयुष्यभर हसत आलो, पण त्या क्षणी मला दोघांची इतकी माया आली की मी उपम्याची बशी खाली ठेवली. साडू खुर्चीत जरा बाजूला सरकले आणि अक्कांना म्हणाले, "हौ, जरासा वाळलाय. बस हितं."