बापूला कोणी सांगितलं नाही

काल सुनेने बासमती शिजवला आणि वास माझ्या खाटेपर्यंत आला. बायको गेल्यापासून मला अन्न नको वाटतं. पण हा वास नाकात गेला आणि मी पार दोन हजार सालाच्या आसपास जाऊन पडलो.

आमची असोद्याची मंडळी मुंबई बघायला गेली होती. तिथल्या मोठ्या उद्यानात जाळीच्या गाडीत बसवून सिंह-वाघ दाखवत. सिंह झोपलेले, कोणी उठलाच नाही. गाडी वाघांच्या बाजूला वळली तशी ही मोठ्याने म्हणाली, "आठे कोन भात रांधी ऱ्हायनं?"

इथे जंगलात कोण भात शिजवणार, म्हणून सगळी गाडी हसली. गाडीवाला म्हणाला, "अक्का, वाघाच्या मुताचा वास आहे हा. वाघिणीला कळावं म्हणून झाडावर मारतो. ती उन्हाळ्यात मेली, तरी मारतो. नीट खात पण नाही."

"मंग त्याले कोनी सांगं नही का?"

मी म्हणालो, "वाघाला कोण सांगणार? तू?"

"सांगसू."

तिच्या धुळ्याकडच्या माहेरी वाघाचं नाव घेत नसत, बापू म्हणत. तिने जाळीला तोंड लावलं. "बापू, ती आते नही शे. तू जेवी ले."

झाडाखाली बसलेल्या वाघाने मान वळवली, एवढंच. लोक हसत होते आणि मी लाजून खाली बघत होतो.

आता घरात सगळे म्हणतात, "आबा, दोन घास खा." ती नाही, हे मात्र कोणी माझ्या तोंडावर म्हणत नाही. ते सांगायला तीच पाहिजे होती.