उजव्या हाताचं कुंपण

जानेवारीतल्या त्या सकाळी माझ्या हातात माइक कोणी दिला, याची चौकशी पुढे बरीच झाली. पण माइक बिचारा काय करणार? कॉलेजच्या नोकरवर्गाचा नवीन वर्षाचा नाश्ता होता. बाहेर नाकातले केस गोठतील अशी आयोवाची थंडी, आत कॉफीच्या वाफा, आणि त्या उबेत मला चेव आला. मी भरल्या मेसमध्ये जाहीर करून टाकलं, "मंडळी, आपली आर्लिस व्होंद्रा येत्या मेमध्ये पदवीधर होणार!"

टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, मोरीवाल्यांनी पातेली बडवली. आर्लिस सूपच्या काउंटरमागे उभी होती. ती हसली नाही, पण तिनं हातातला डाव खाली ठेवला. कामाच्या वेळेत तो डाव खाली ठेवलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्याच पदवीच्या आनंदात आपणच 'कोलाचे' नावाचे दोनशे गोड पाव भाजले, आत खसखशीचं सारण भरलेले, तिच्या आजीच्या पद्धतीचे, आणि अख्ख्या कॉलेजला खिलवले. मी चार खाल्ले. तिसऱ्या दिवशी रजिस्ट्रार रोझमेरीबाईंनी मला बोलावून घेतलं.

"तिचा मुख्य विषय कोणता?"

"सामान्य अभ्यास."

"तो तीन वर्षांपूर्वी बंद झाला."

"कोणी केला?" मी तावातावानं विचारलं.

रोझमेरीबाईंनी सभेचं इतिवृत्त माझ्यापुढे सरकवलं. बंद करायच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत सातवं नाव माझं होतं. त्या सभेत मी शब्दकोडं सोडवत होतो. शेजारचे हात वर गेले म्हणून माझाही गेला.

"आणि आर्लिसचा सल्लागार प्राध्यापक कोण आहे?" रोझमेरीबाईंनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. मलाही होतं. सल्लागार मीच होतो.

आता आर्लिसचं शिक्षण समजावून घ्यायचं तर आधी तिचं घड्याळ समजावून घ्यायला हवं. सकाळी पाचला मेस उघडायची. दुपारचं जेवण दीडला आटपतं, रात्रीच्या जेवणाची तयारी चारला सुरू. मेसच्या माणसाला दर सत्राला एक कोर्स फुकट. म्हणजे दोन ते साडेतीनच्या दरम्यान जो वर्ग भरेल, तो आर्लिसचा विषय! त्या वेळेला भूगर्भशास्त्र असेल तर भूगर्भशास्त्र, मातीकाम असेल तर मातीकाम. एकदा त्या वेळात फक्त रशियन होतं, तर तिनं रशियन घेतलं. तिला कोणी विचारलं, "का गं, रशियन?" तर म्हणाली, "कारण चार वाजता बटाटे सोलायचे होते." अठरा वर्षं हे चाललं होतं. मध्ये नवरा लेनर्ड आजारी होता आणि मग गेला, तेवढी चार सत्रं चुकली. एकतीस कोर्स झाले होते, बत्तिसावा संपला की पदवी. पण कुठल्याही एका विषयाचे तीनच्या वर नाहीत, म्हणजे मुख्य विषय म्हणून एकही पुरा होत नाही. रसायनाची प्रयोगशाळा सकाळी भरते, तेव्हा आर्लिस अंडी फोडत असते.

आणि त्यावर एक नियम. अठरा वर्षांहून जुना कोर्स धरला जात नाही. उन्हाळा लागला की तिचे पहिले दोन गळणार. पुढच्या वर्षी नवे दोन घ्यावेत, तर मागचे आणखी दोन गळणार. म्हणजे ती जन्मभर शिकत राहिली असती आणि जन्मभर दोन कोर्सनी मागे राहिली असती. माझा विषय संख्याशास्त्र आहे, पण हे गणित मांडताना मला घाम फुटला.

वाट एकच होती. आमच्याकडे विद्यार्थ्याला स्वतःचा मुख्य विषय स्वतः रचता येतो. पोरं रचतातही. एकानं 'ढग, कायदा आणि विमानं' केला होता, एकीनं 'नाच आणि मेंदू'. आपण काय शोधतोय ते एका वाक्यात लिहायचं, त्याला धरून कोर्स मांडायचे, आणि समितीपुढे उभं राहायचं. समितीची बैठक फेब्रुवारीत. त्यानंतरची थेट सप्टेंबरात.

मी आर्लिसला सगळं सांगितलं तेव्हा ती कोबी चिरत होती. सुरी थांबली नाही.

"म्हणजे तू हात वर केलास," ती म्हणाली.

"हो."

"कशासाठी ते न बघता."

"हो."

"मास्तर, रविवारी दुपारी घरी ये. फॉर्म घेऊन ये. आणि कोड्याचं पेन घरी ठेव."

ती आम्हा सगळ्या प्राध्यापकांना मास्तर म्हणते. त्यात मान किती आणि टवाळी किती, याचा अंदाज सत्तावीस वर्षांत मला आलेला नाही.

रविवारी मी चांगला अभ्यास करून गेलो होतो. "आर्लिस, सोपं आहे! 'अन्न आणि समाज'! तुझ्याइतका अधिकार कोणाचा? तीस वर्षं तू..."

"तीस वर्षं मी रांधतेय," ती म्हणाली. "दोन ते साडेतीन तेवढीच रांधत नाही. तेवढा दीड तासही तू मला चुलीपुढे बसवणार?"

मी फॉर्म खाली ठेवला.

तिनं कोठीतून आइस्क्रीमच्या पाच जुन्या बादल्या आणल्या. आमच्या भागात घरोघरी या बादल्यांत खिळ्यांपासून लोणच्यापर्यंत काहीही सापडतं. तिच्या बादल्यांत अठरा वर्षांचे निबंध होते, वर्षवार रबर लावलेले. ती बटाटे सोलायला बसली आणि मी एकेक शीर्षक वाचायला लागलो, खरं तर नुसता वेळ काढायला.

"भूगर्भशास्त्र. 'ओढा सरकला तर हद्द कुठे जाते?' इतिहास. 'दोन भावांत वाटलेल्या शेताची साठ वर्षं.' जीवशास्त्र. 'कुंपणाच्या तारेवर बसणारे पक्षी आणि तुतीची झाडं.' धर्म. 'शेजारी कोणाला म्हणावं?' रशियन..."

"रशियनचं नको वाचूस."

"'हे कुंपण आहे. कुंपण जुनं आहे. इवान कुंपण दुरुस्त करत नाही.'"

"थांब," आर्लिस म्हणाली. सोलणं हातातच राहिलं. "मागची परत वाच. सगळी."

मी परत वाचली. बटाटा पाण्यात पडला.

"अरे देवा," ती म्हणाली. "आमचे बाबा."

आमच्याकडे दोन शेतांमधलं कुंपण कोणी सांभाळायचं यावरून माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. बांधाचं भांडण कुठल्याही मुलखात शेताइतकंच जुनं. ते मिटवायला गावकीची माणसं असतात, आणि आर्लिसचे बाबा त्यांतले एक. नऊ वर्षांची आर्लिस मोजपट्टीचं दुसरं टोक धरून त्यांच्यामागे फिरायची. बाबांची रीत ठरलेली. दोन्ही शेजाऱ्यांना कुंपणाच्या बरोबर मध्यावर आणायचं, आपापल्या बाजूला, तोंडाला तोंड करून उभं करायचं. मग ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा, तो त्यानं सांभाळायचा. बस. "निम्मी भांडणं तर नुसतं उभं केल्यावरच मिटायची," ती म्हणाली. "सात-सात वर्षं एकमेकांचं तोंड बघितलेलं नसायचं ना."

फॉर्मवर तिनं वाक्य लिहिलं. 'दोघांच्या मधली रेघ कोणी सांभाळायची?' मी त्यात एक भारदस्त शब्द घालायला गेलो. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हात मागे घेतला.

समितीत रोझमेरीबाईंशिवाय दोघं होते, भूगर्भवाले हॅल्व्हर्सन आणि इतिहासवाल्या मिरियम केसलर. विषय दोघांनाही आवडला. अर्धा तास तर ते तिला प्रश्न सोडून आपापल्या आजोळच्या कुंपणांच्या गोष्टीच सांगत बसले. मला वाटलं, झालं! मी मनात दुसऱ्या भाषणाची तयारीही सुरू केली. तेवढ्यात रोझमेरीबाईंनी विचारलं, "ठीक. मग हा विषय कोणाच्या विभागात ठेवायचा? शेवटचा प्रबंध कोण तपासणार?"

दोघांनीही बोटं एकमेकांकडे वळवली.

"माती, ओढे, मोजणी," मिरियमबाई म्हणाल्या. "हॅल्व्हर्सन, हे उघड तुमचं आहे."

"छे, छे! माणसांची भांडणं आहेत ही. तुमचीच."

"माझ्याकडे आधीच अकरा प्रबंध आहेत."

"माझ्याकडे बारा आहेत. शिवाय गुडघा."

"गुडघ्याचा काय संबंध?"

"शेतातून फिरावं लागणार ना मग!"

रोझमेरीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "विभाग ठरला नाही तर प्रस्ताव सप्टेंबरच्या बैठकीत जाईल."

सप्टेंबर म्हणजे दोन कोर्स गेले. म्हणजे कधीच नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तोंड उघडल्याचे परिणाम ताजे होते.

आर्लिस उठली. तिनं आणलेली बादली उचलली आणि त्या लांबलचक टेबलावर एकतीस निबंध एका रांगेत मांडले, पहिल्या वर्षापासून, कडेला कड लावून. शेवटी एक कोरा कागद ठेवला, बत्तिसाव्या कोर्सचा. तो कोर्स म्हणजेच प्रबंध.

"हॅल्व्हर्सन मास्तर, तुम्ही या बाजूला. मिरियमबाई, तुम्ही पलीकडे. बरोबर मध्यावर. सोळा आणि सतराच्या मध्ये. एकमेकांकडे तोंड करा."

"आर्लिस, हे काय..."

"गुडघा दुखतोय तर टेबलाला टेका. पण उभे राहा."

जेवणाच्या रांगेत रोज जो आवाज ऐकून आपण निमूट पुढे सरकतो, तोच आवाज. दोघंही उभे राहिले. टेबलावरून एकमेकांकडे पाहायला लागले. मिरियमबाईंना आधी हसू फुटलं, मग हॅल्व्हर्सनना.

"आता उजवा हात लांब करा. त्या बाजूला येतील तेवढे तुमचे."

हॅल्व्हर्सननी आपल्या उजवीकडे पाहिलं. "अहो, माझ्याकडे रशियन आलं! आणि मातीकाम!"

"कुंपणात झाडं कोणती उगवलीत ते निवडता येत नाही," आर्लिस म्हणाली. "आवडायला हवं असंही नाही. उभं ठेवायचं, एवढंच."

"आणि हा कोरा कागद?"

"तुमच्या उजवीकडे आहे ना? मग तुमचा."

हॅल्व्हर्सननी तो कागद उचलला, उलटून पाहिला, जणू मागे काही पळवाट छापलेली असावी. मग खिशातून पेन काढून वरच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. रोझमेरीबाईंनी कोणाला आणखी काही विचारायची संधीच दिली नाही, शिक्का मारून मोकळ्या झाल्या.

मार्च-एप्रिलमधले रविवार हॅल्व्हर्सनची जुनी पिकअप तुतीच्या रांगा शोधत मक्याच्या रिकाम्या शेतांमधून फिरली. तार कधीच गंजून गेलेली असते, पण पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची झाडं रेघेत उभी राहतात. बाबांनी मोजलेली चौदा कुंपणं तिला त्या झाडांवरून सापडली. दोन-तीन रविवारी मिरियमबाईही मागच्या सीटवर दिसल्या. त्यांचा अर्धा नव्हता तो, पण सँडविचेस आर्लिसची होती. गुडघ्याची तक्रार त्यानंतर कोणी ऐकली नाही.

मेमध्ये तिनं काळा झगा घालून पदवी घेतली. तिचं नाव पुकारलं तेव्हा मोरीवाल्यांनी खरंच पातेली आणली होती. पालकांचं जेवण साडेबाराला होतं, आणि आर्लिसची पाळी होती. मी ताट घेऊन रांगेतून तिच्यापुढे पोचलो, तेव्हा झग्यावर ॲप्रन होता आणि हातात डाव.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आर्लिस, एक सांगू? त्या दिवशी मी तसा हात वर केला नसता, तर तुला 'सामान्य अभ्यासा'ची पदवी मिळाली असती. हा विषय सापडलाच नसता. म्हणजे थोडं श्रेय माझंही, नाही का?"

तिनं माझ्या वाडग्यात सूप ओतलं.

"तू मोडलेला तुकडा तुझ्याच उजव्या हाताला होता मास्तर, श्रेय कसलं मागतोस, पुढे सरक."