माइकवाल्या आपा आणि मुका कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बिघडला की लोक पडद्याकडे बघतात. माइकवाल्या आपा त्याला कान लावत. डोळे मिटून, डॉक्टरसारख्या. "जित्ता हाय," असा निकाल देत आणि हेडफोनच्या भोकात जोरात फुंकर मारत. फुंकरीने काही दुरुस्त झालेलं मी कधी पाहिलं नाही. तसं म्हटलं की आपा म्हणत, "धूळ तर गेली?"

इंदापुरात त्यांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. आमच्या कामगार बायकांच्या संघटनेच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता, त्यावर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स. आवाज गेला की येणारा-जाणारा सांगायचा, 'विंडोज टाका.' अरे, कडी अडकली म्हणून घर पाडता का? आपांनी मात्र आवाजाची सेटिंग उघडली आणि खूश झाल्या. "ह्यो तर माझा मिक्सरच की गं!"

लोणी देवकरच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची बस ठेकेदाराने बंद केली होती. बायका अंधारात हायवेच्या कडेने चालत. आठवडे बाजारात रिक्षावर भोंगा लावून सभेची हाक द्यायची ठरली. भाषण मीच रेकॉर्ड केलेलं, ठेकेदाराचं नाव घेऊन. रिक्षा दारात, बाजार भरलेला आणि कॉम्प्युटर मुका! मी आवाज पूर्ण वाढवून भाषण पुन्हा पुन्हा वाजवत होते.

आपांनी फुंकर मारली. वायर बदलली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शून्य.

तेवढ्यात शेजारच्या सलूनमधून खुद्द ठेकेदार आला. गळ्यात टॉवेल, निम्म्या गालावर फेस. "बंद करा ते! भर सलूनात माझं नाव घेता?"

तेव्हा मला आठवलं. सकाळच्या बैठकीला सलूनवाल्याचा ब्लूटूथ स्पीकर मागून आणला होता. स्पीकर परत गेला, पण कॉम्प्युटर भिंतीपलीकडूनही त्यालाच धरून बसला होता, सगळा आवाज तिकडेच पाठवत.

आपा शांत. "दादा, भांडण मागनं. आवाज फाटतोय का तेवढं सांगा."

"फाटतोय कुठं? शब्दन् शब्द कळतोय!"

"मंग मशीनला काय झालं न्हाय," म्हणत आपांनी सेटिंगमध्ये ब्लूटूथ सोडून भोंग्याची वायर निवडली. फेस पुसायच्या आत ठेकेदाराचं नाव बाजारभर घुमलं. मी हसून हसून जमिनीवर बसले.

सभेला बाजार लोटला, बस सुरू झाली. उपकार नव्हेत ते, हक्क होता.

पुढे धंदा विकून आपा बारामतीला लेकीकडे राहायला निघाल्या. फाट्यापर्यंत त्याच बसने. बायकांनी पुढची सीट रिकामी केली. "दिसभर तुमी उभ्या ऱ्हाता, बसा गुमान," म्हणत आपा दारातच उभ्या राहिल्या. बस सुटली. मी रस्त्यावर रडत हात हलवतेय आणि ही बाई ड्रायव्हरला खड्डे दाखवतेय!