न सुटलेल्या पाळण्याची घोषणा

रजनीताई खोडके यांना मी पाहण्याआधी ऐकले. अकोल्याच्या बसस्थानकावर चौकशी खिडकीत रुजू व्हायला मी अमरावतीहून आले, ते मे महिन्याचे दिवस होते. गाडीतून उतरत असताना डोक्यावरच्या कर्ण्यातून आवाज आला, "पातूर, मेडशीमार्गे वाशीमला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे. प्रवाशांनी पाणी भरून घ्यावे, मधात गाडी थांबणार नाही." पाण्याचे ते वाक्य कुठल्याच नियमात नव्हते, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र मला वाशीमला जायचे नसतानाही मी नळावर जाऊन बाटली भरून घेतली होती.

तो आवाज ज्यांचा होता, त्या रजनीताई पत्र्याच्या लहानशा खोलीत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, मायक्रोफोनला रुमाल गुंडाळून बसल्या होत्या. चांदूर बाजारच्या एका बागायतदार माळी घरातल्या रजनीताई लग्नानंतर अकोल्याला आल्या आणि जठारपेठेत राहू लागल्या. त्यांचे यजमान मधुकरभाऊ याच आगारात चालक होते. मी कोण, कुठली, हे विचारण्याआधी त्यांनी मला विचारले, "जेवली का तू?" पुढची बावीस वर्षे आमचा दिवस याच प्रश्नाने सुरू झाला.

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट, ताई मला घोषणा शिकवत होत्या. वाहतूक नियंत्रकांनी खिडकीतून ओरडून सांगितले म्हणून मी पातूरची गाडी तीन नंबरवर लागल्याची घोषणा केली. गाडी लागलीच नव्हती, चाक बदलायला आगारात परत गेली होती. भाजीची टोपली घेतलेली एक वयस्क बाई धावत आली आणि फलाटाच्या कडेला अडखळून पडली. गुडघा फुटला, गवारीच्या शेंगा सगळीकडे पसरल्या. रजनीताई मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. "आधी तिले पानी दे," त्या म्हणाल्या. "मंग सांग, चूक माझी होती म्हनून." मी सांगितले. ती बाई म्हणाली, "जाऊ दे व पोरी, होते असं." रजनीताईंनी मात्र ते जाऊ दिले नाही. शेंगा गोळा करता करता मला म्हणाल्या, "गाडी आपल्या डोयानं पायल्याबिगर लागली म्हनाचं नाही. लोकं आपल्या भरोशावर पयतात."

त्यानंतर मी त्यांना रोज पाहत आले. घोषणा करण्याआधी त्या खुर्चीतून उठत, खिडकीतून वाकून पाहत आणि मगच बटण दाबत. वरिष्ठांनी एकदा या उशिराबद्दल लेखी खुलासा मागवला होता. ताईंनी एका ओळीत उत्तर दिले, "गाडी दिसली नव्हती." प्रकरण तिथेच संपले.

माझ्या आईच्या मृत्यूचा फोन चौकशी खिडकीवर आला, तो त्यांनी घेतला. तब्येत जास्त आहे, लवकर ये, असे काहीतरी सांगून मला अमरावतीला नेता आले असते. बहुतेक लोक तसेच करतात. रजनीताई माझ्याजवळ आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "सुनीता, आई गेली. अमरावतीची गाडी चार नंबरले लागली हाय. मी आहो संगं." त्या दिवशी पाळी अर्धी टाकून त्या माझ्यासोबत आल्या. मूर्तिजापूर, बडनेरा मागे पडले. त्या गप्प बसल्या म्हणून मला रडता आले.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी पातूरच्या पुढे डोंगरात मोठ्या करमणूक नगरीचे काम सुरू होते. खाली हॉटेले आणि गाड्या ठेवायची जागा, वर पठारावर खेळ, आणि खालून वर जायला दोरावरून फिरणारे बंद डबे. कंपनी त्यांना गोंडोला म्हणत असे, आमच्याकडे सगळे पाळणाच म्हणतात. प्रत्येक डब्यात घोषणा ऐकू येणार होत्या आणि त्यासाठी इकडच्या माणसाचा आवाज हवा होता. प्रकल्पाचे तरुण व्यवस्थापक लहानपणी सुट्टीत अकोल्याला आजोळी येत असत. त्यांना फलाटावरचा आवाज आठवला आणि ते शोधत शोधत जठारपेठेत पोचले.

कंपनीने लिहून आणलेला कागद मी पाहिला आहे. "सन्माननीय अतिथींनी आसने ग्रहण करून सुरक्षिततेची सुनिश्चिती करावी," असे त्यात होते. ताईंनी चष्मा वर केला. "भाऊ, हे कोनाले समजन? इतकं आयकेपर्यंत दार लागून जाईन." मग तिथेच बसून त्यांनी कागदाच्या पाठीवर लिहिले, "बसा. दार आपोआप लागते. हात आत घ्या. पाळणा थोडा हलतो, घाबरू नका." पायथा, तळे आणि माथा अशी तीन स्थानके होती. त्यांची नावे आणि ही चार वाक्ये ध्वनिमुद्रित करायला त्यांना अर्धा दिवसही लागला नाही.

त्यानंतर सुरू झाले वाट पाहणे. दर रविवारी मधुकरभाऊ त्यांना स्कूटरवर डोंगराकडे घेऊन जात. अकोल्यातली कितीतरी कुटुंबे तेव्हा डबा घेऊन तिकडे जायची, झाडाखाली बसून नुसते खांब पाहायची. संध्याकाळी ताईंचा मला फोन येई. "आज सातवा खांब उभा झाला." "आज दोर चढवला." "आज डबे आले व, हिरवे हायेत." एकदा म्हणाल्या, "सुनीता, जलमभर लोकायले गाडीत बसवलं म्या. याच्यात मी सोता बसीन, अन् माझंच आयकीन." दिवाळीला सुरू होणार म्हणत होते. मग होळीला. मग पावसाळा संपल्यावर.

त्या पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला. गारठा असेल म्हणून त्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत राहिल्या. महिना गेला, दुसरा गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की गळ्यातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावे लागेल.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात होते. मोबाईल पुढे धरून मी म्हटले, "ताई, काहीतरी बोला ना. आवाज राहीन माझ्याजवळ." त्यांनी शेजारच्या खाटांकडे पाहिले आणि घोगऱ्या आवाजात हळूच म्हणाल्या, "ठेव तो फोन. मानसं झोपली हायेत." त्यांच्या तोंडून मी ऐकलेले ते शेवटचे वाक्य. ते माझ्या फोनमध्ये नाही.

ताईंसाठी निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतके दुःखाचे लिहू नये, असे मला एका संपादकांनी प्रेमाने सुचवले होते. मी प्रयत्न केला, पण हे वगळले तर पुढे ताईंनी जे केले त्याची किंमत वाचकांना कळणार नाही.

चार महिन्यांनी व्यवस्थापक पुन्हा जठारपेठेत आले. मीही तिथे होते. मधल्या स्थानकाखालची जमीन भुसभुशीत निघाल्याने तळ्याचे स्थानक रद्द झाले होते आणि वारा वाढल्यावर पाळणा मध्येच थांबवण्याची नवी सूचना घालायची होती. ताईंची जुनी घोषणा आता चालणार नव्हती. ते संकोचाने म्हणाले, "ताईंचं आधीचं रेकॉर्डिंग आहे. संगणक त्याच आवाजात नवी वाक्यं तयार करून देतो. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही."

मधुकरभाऊंचा चेहरा एकदम उजळला. "करा ना भाऊ," ते म्हणाले. "आमालेही द्या एक. घरात आवाज तरी राहीन हिचा."

रजनीताईंनी पाटी ओढली. शस्त्रक्रियेनंतर त्या पाटीवर लिहूनच बोलत. त्यांनी लिहिले, "जे म्या म्हटलं नाही, ते माझ्या आवाजात लोकायले सांगू नका." भाऊंनी ते वाचले. "काहून असं करतं?" ते म्हणाले, "कोनाचं काय नुकसान हाय त्याच्यात?" ताईंनी पाटी पुसली नाही, तशीच धरून ठेवली. भाऊ उठून बाहेर ओट्यावर गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग ताईंनी खाली एक शब्द लिहिला, "सुनीता."

मी नको म्हटले. कबूल करते, बावीस वर्षे मी त्यांच्या मागची दुसरी होते, त्या रजेवर असल्या की माझा आवाज लागे, आणि कधीतरी ती पहिली जागा मला हवीशीही वाटली होती. ती अशी मिळावी हे मला सहन होईना. मी म्हटले, "ताई, मले नाही जमणार. तुमचं काढून माझं टाकाचं, हे नाही होत मायाच्यानं." त्यांनी लिहिले, "तुले येते." मी रडत राहिले. त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला.

माझ्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या काचेपलीकडे बसल्या होत्या. शब्द चुकला की बोट वर करत. अकरा वेळा त्यांनी बोट वर केले.

नवी घोषणा बसवण्याआधी रिकामे डबे फिरवून चाचणी होणार होती. व्यवस्थापकांनी आम्हा तिघांना मुद्दाम बोलावले, कारण तोवर डब्यांमध्ये जुनेच रेकॉर्डिंग होते. माणसांना बसायची परवानगी नव्हती. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती आसनांवर ठेवलेली होती. पायथ्याच्या फलाटावर हिरवा डबा आला, दार उघडले आणि रजनीताईंचा आवाज पोत्यांना म्हणाला, "बसा. दार आपोआप लागते. हात आत घ्या." डबा गेला. दुसरा आला, पुन्हा तेच. तिसरा आला. मधुकरभाऊ कठड्याला धरून खाली बसले.

ताई मान किंचित कलती करून ऐकत होत्या. सात-आठ डबे गेले. मग त्यांनी पर्समधून वही काढली आणि लिहून माझ्यापुढे धरले, "घाई केली म्या. 'बसा' म्हटल्यावर थांबाले पायजे होतं. म्हातारी मानसं असतात." वही मिटून त्या भाऊंजवळ गेल्या आणि त्यांना हात देऊन उठवले. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य त्यांच्या सांगण्याप्रमाणे थांबून पुन्हा ध्वनिमुद्रित केले. आता डब्यांमध्ये तेच आहे.

पाळणा अजून सुरू झालेला नाही. कुठलीशी परवानगी बाकी आहे, कुठलीशी तपासणी पुन्हा व्हायची आहे. रविवारी डोंगराखाली येणारी माणसेही आता कमी झाली आहेत. ताईंना दर तीन महिन्यांनी अमरावतीला तपासणीसाठी जावे लागते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी आणखी एक तपासणी लिहून दिली. तिचा निकाल हा लेख छापायला जाईपर्यंत आलेला नाही.

गेल्या आठवड्यात मला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. पलीकडून नुसती घरघर, पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखी. चुकीचा फोन समजून मी तो बंद केला. पुन्हा वाजला. या वेळी घरघरीतून एकेक शब्द सुटा सुटा ऐकू आला, "सुनीता. मी. बोलून राहिली." गळ्याला लावून बोलायचे एक लहानसे यंत्र त्यांना मिळाले होते, आणि भाऊंनी त्यांना नवा फोन घेऊन दिला होता. एवढ्या वर्षांची सोबत असून मी त्यांना ओळखले नाही, फोन बंद केला, याची लाज मला अजून वाटते. त्यांना तसे म्हटले, तर पलीकडे घरघर झाली. त्या हसत असाव्यात. मग त्यांनी विचारले, "तारीख. आली का?"

"नाही आली, ताई," मी म्हटले. "आली की पहिले तुम्हालेच सांगीन."

मोठ्या शब्दांचे अभीष्टचिंतन मला जमत नाही आणि ताईंनाही ते आवडणार नाही. एवढेच मागते की ती पुढची तपासणी निर्मळ निघो, त्यांना अन्न गोड लागो, मधुकरभाऊंची सोबत त्यांना पुष्कळ वर्षे लाभो. पाळण्याची तारीख कितीही पुढे जावो, तिच्याबद्दल विचारणारा तो फोन मला येत राहो, आणि तारीख आली हे सांगायला मी फोन करेन त्या दिवशी पलीकडे तो उचलायला रजनीताई असोत.