अर्धी सही

केशव गेला, हे त्याच्या भावानं येऊन सांगितलं तेव्हा मी बगीच्यात ठिबकच्या नळ्या धूत होतो. हातातली नळी तशीच वाहत राहिली… त्याला महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, मला लेख काय येतो? पण हातात पेन धरायला मी उरलो तोच केशवमुळं, तेव्हा लिहिणार.

केशव परतवाडा-अमरावती जीप चालवायचा. सीटा भरल्याबिगर त्याची गाडी हलत नसे, अन् एकदा बसवलेली सवारी त्यानं कधी वाटेत सोडली नाही. एकदाच सोडली. मागच्या वर्षी, संत्र्याची तोडणी चालू असताना, सकाळीच माझ्या छातीवर बैल बसल्यासारखं झालं. सदरा घामानं चिंब. मी म्हणत होतो, गॅस आहे, ओवा खाल्ला की उतरेल. रस्त्यावरून जाताना केशवला मी बांधावर वाकलेला दिसलो. त्यानं नऊच्या नऊ सवाऱ्या खाली उतरवल्या अन् मला आत ढकललं.

"गॅस हाये का काय, थे डाक्टर सांगन. तू काहून सांगून राह्यला?"

अन् काय गाडी हाणली त्यानं! परतवाड्याच्या दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची नळी रक्ताच्या गाठीनं बंद आहे. तार घालून ती उघडायची सोय अमरावतीला. पण तिथं पोचेपर्यंत हृदयाचं मांस मरत जाईल, म्हणून गाठ विरघळवायचं इंजेक्शन इथंच, आत्ताच. मला झटक्यात समजलं. ठिबक क्षारानं बंद पडलं की आम्ही आधी ॲसिड सोडतो, मग तार घालतो. तेच की हे! यानं कधी मेंदूत रक्तस्राव होतो, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही, अन् कागद पुढं केला. सिस्टरनं शाईचं पॅड काढलं. मी अंगठा लावत नसतो. मी सही करतो, पुरं नाव, काना-मात्रा जागच्या जागी. केशवनं खिशातला पेन दिला. 'महादेव' झालं, वडिलांचं नाव धरलं, अन् पेन पुढं सरकेना…

"अर्धीच कर बे. बाकीची जगून करजो."

इंजेक्शन गेलं. तासाभरात छातीवरचा बैल उठला! मग ॲम्ब्युलन्सनं अमरावती, अन् दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घालून नळीत जाळीची स्प्रिंग बसवली. समोरच्या पडद्यावर मी माझंच रक्त धावताना पाहिलं, शेतातल्या पाटाचा दांड फोडल्यावर पाणी धावतं तसं. टेबलावर पडल्या पडल्या केशवला हाका मारत होतो, ये, पाह्य, वाहून राह्यलं!

त्याच्या स्वतःच्या छातीत धरलं ते वलगावजवळ. अमरावती जेमतेम मागं पडली होती, गाडी वळवायची होती फक्त. पण गाडीत सवाऱ्या होत्या. त्यानं खिडकीची काच खाली केली, एवढंच त्यांना आठवतं. परतवाड्याच्या स्टँडवर सगळ्यांना उतरवून मग तो दवाखान्यात चालत गेला… तोवर उशीर झाला होता. माझ्यासाठी नऊ उतरवल्या, सोतासाठी एक नाही. हा राग माझा जाणार नाही.

त्याचा पेन माझ्याकडंच राहिला. हे सगळं त्याच पेनानं लिहिलं. दवाखान्यातल्या कागदावर माझी सही अजून अर्धीच असेल. इथं पुरी करतो.

महादेव तुळशीराम वानखडे