पॅरिसची खिचडी

आज गराज आवरताना तो छोटा राइस कुकर सापडला. झाकण उघडलं तर आत हिंगाचा वास अजून तसाच! त्या वासासरशी मी अमेरिकेतल्याच, मॉरिसव्हिलच्या आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये जाऊन पोचले.

२००५चा उन्हाळा. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन आम्ही नुकतंच युरोप करून आलो होतो. त्यांना बाहेरचं चालत नव्हतं, म्हणून हा कुकर माझ्या बॅगेत. रोज संध्याकाळी सगळे फिरायला जायचे आणि मी हॉटेलच्या बाथरूममध्ये, खोलीतला धुराचा अलार्म वाजू नये म्हणून दाराखाली ओला टॉवेल कोंबून, खिचडी लावायचे. साबणाचा आणि फोडणीचा एकत्र वास, म्हणजे माझं पॅरिस.

परतल्यावर घरी मित्रमंडळी जमली. टीव्हीवर फोटो सुरू झाले. आयफेल टॉवरखाली सासूबाई, नवरा, मुलगी. शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "अगं, तू नव्हतीस का गेली?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "होती की! स्वयंपाकाला कोणीतरी न्यायला नको?"

सगळे हसले. नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला आणि त्याने पुढचा फोटो लावला. मीही हसले, कारण तेव्हा मला ती थट्टा वाटली. आता वाटतं, त्या दिवशी खरं बोलल्या त्या एकट्याच.

आत्ता गराजमध्ये डोकावलेला नवरा माझ्या हातातला कुकर पाहून हळवा झाला. "यार, काय ट्रिप होती! परत जाऊ या पॅरिसला?"

"तू जाऊन ये," मी म्हटलं. "कुकर घासून देते."