म्हातारीचं डोकं गेलं

मी जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या एका री-रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. दोन-दोन टनांचे रोल उतरवणं-चढवणं हे माझं रोजचं काम. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं हरभऱ्याएवढ्या एका स्क्रूनं मला चार दिवस नाचवलं. वाचणाऱ्याला वाटायला नको की या माणसाच्या हातात पाना पहिल्यांदाच आला.

मूळ गोष्ट आईच्या मोतीबिंदूची. उजव्या डोळ्यानं तिला माणूस आणि म्हैस यांतला फरक कळेनासा झाला होता, डावाही त्याच वाटेला लागला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली आणि आता आणखी पुढं ढकललं तर डोळा हातचा जाईल, असं बजावलं. आई येते म्हणाली. पण बसनं नाही, जीपनं नाही, कारण तिला गाडी लागते. माझ्या मोटारसायकलचं सीट एवढं उंच की तिला त्यावर चढवायला शिडी लागावी. मग यायचं कसं? तर म्हणे, म्हातारीवर.

म्हातारी म्हणजे वडिलांची जुनी मोटारसायकल. वडील गेल्यापासून ती गोठ्यात कडबाकुट्टीशेजारी उभी होती आणि तिच्या टाकीवर कोंबड्या बसायच्या. वडील हयात होते तेव्हा सुट्टीचा अख्खा दिवस तिच्यापाशी काढायचे, म्हणून आई तिला सवत म्हणायची. आता मात्र सवतीचे गुण गायला लागली. तिचं सीट कसं बुटकं, पाय ठेवायला कशी जागा, आणि तिच्यावर बसलं की ओकारी म्हणून येत नाही.

मी गुरुवारी रजा टाकली. प्लग साफ केला, वायर बदलली, टाकी धुतली. राहिला कार्बोरेटर, तो गाडीवरून उतरवला. पेट्रोल जिथं साठतं ती खालची वाटी चार स्क्रूंवर बसलेली असते. तीन स्क्रू लोण्यातून निघावेत तसे निघाले. चौथा जरा अडला, तोवर उजेडही गेला. मी त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, सगळं परातीत ठेवलं, परात ओसरीवर ठेवली आणि जेवायला बसलो.

सकाळी पाहतो तर चौथ्याचं डोकं गेलेलं. अधिकच्या चिन्हासारखी खाचच उरली नव्हती, सगळं मिळून एक गुळगुळीत वाटोळं भोक. आणि त्या भोकात पोलादाची बारीक चकचकीत कपची. संध्याकाळी तर धड होता, असं मी स्वतःशी दहा वेळा म्हणालो. मग वाटलं, आपणच घाईत पेचकस घसरवला असेल. आई चुलीपाशी बसून शांतपणे म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मग सुरू झाले उपाय. पेचकसाखाली रबराचा तुकडा ठेवून पाहिला, रबर फाटलं. आरीच्या पात्यानं नवी खाच पाडली, ती पहिल्याच पिळाला मोडली. त्याचं डोकं इतकं चपटं होतं की पक्कड धरेना. चहाच्या टपरीवर विषय काढायची चूक केली, तर एकानं लिंबू पिळायला सांगितलं, दुसऱ्यानं डिझेलात बुडवायला. तिसऱ्यानं स्वतःच्या तोंडातल्या तंबाखूचा रस देऊ केला, आणि तो बिलकुल गंमत करत नव्हता.

शेवटी मिलमधल्या फोरमनला फोन लावला. आमच्याकडं रेंज फक्त अंगणातल्या ओट्यावर येते, आणि मशिनांच्या आवाजात फोरमनला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं. मी ओरडून म्हणालो, "म्हातारीचं डोकं गेलंय. पार गुळगुळीत झालंय. सकाळपासून ठोकून राह्यलो, काही फरक न्हाई. न्हाईच जमलं तर ड्रिल मारतो."

शेजारच्या काकूंकडं त्यांची भोकरदनची बहीण आली होती. ती भिंतीपलीकडं कपडे वाळत घालत होती. आमच्या गाडीचं नाव तिला माहीत असायचं कारण नव्हतं. माझी मावशी भोकरदनला तिच्याच गल्लीत राहते, हे मात्र तिला बराबर माहीत होतं.

शनिवारी दहा वाजता मावशी दारात. हातात सफरचंदांची पिशवी, डोळ्याला पदर. माझ्याकडं तिनं असं पाहिलं की मी गुन्हा न करताच मान खाली घातली. ती आईपुढं जाऊन उभी राहिली आणि लहान लेकराला विचारावं तसं विचारलं, "मी कोण हाय? ओळखलं का?"

मागून ऊन येत होतं. आईनं डोळे बारीक केले, मान इकडून तिकडं केली आणि म्हणाली, "कोण हाय बाई?"

मावशीनं गळाच काढला, म्हातारीचं डोकं गेलं ते खरंच की म्हणून. मी सांगायला लागलो, अगं म्हातारी म्हणजे ही नव्हं, ती गोठ्यातली. त्यावर ती आणखीच रडली, आईला गोठ्यात ठेवतोस का म्हणून. रडण्यावरून आईनं बहिणीला ओळखलं आणि लहानपणी हिनंच आपला चांदीचा छल्ला कसा लंपास केला होता ते सालासकट सांगितलं. तेव्हा कुठं मावशीला पटलं की डोकं जाग्यावर आहे. मी परात आणून तो स्क्रू अडकलेला कार्बोरेटर तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि एवढ्यासाठी मी दोन बस बदलून आल्ते का, म्हणून मला खूप बोलली.

आता आणलेली सफरचंदं परत न्यायची कशी, म्हणून ती कापायला घेतली. मी सुरी मागितली. आई पटकन म्हणाली, दातानं खा. तिला स्वतःला सहा दात. मीच उठून फळीवरची सुरी घेतली. तिचं टोक नव्हतं. मोडल्या जागी पातं पिळल्यासारखं वाकडं झालं होतं.

मी परातीतली ती कपची उचलून सुरीला लावली. ती चपखल बसली.

मावशीपुढं मी त्याच सुरीनं सफरचंद कापलं. मनातून खरं सांगायचं तर संतापलो होतो. दोन दिवस मी स्वतःला शिव्या घालत होतो आणि ही मला अंगण वाकडं सांगत होती. रविवारी मावशीला बसमध्ये बसवून आलो आणि सुरी आईपुढं ठेवली. तिनं ती हातानं चाचपली.

"डोळ्यात सुरी घालतात म्हणं," ती म्हणाली. "लई भ्या वाटतं रे. वाटलं, ही गाडी काही चालू व्हायची न्हाई. तू तर चालूच करून राह्यला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. बसची ओकारी, सीटची उंची, सवतीचं कौतुक, सगळ्याचा अर्थ एका वाक्यात कळला. आंधळ्यासारख्या त्या बाईनं अंधारात चाचपून तीन रिकाम्या भोकांतून चौथा स्क्रू नेमका शोधून सुरीनं त्याचं डोकं घालवलं होतं, याचं हसूही येत होतं.

एक उपाय उरला होता. स्क्रूच्या कडेला छन्नी तिरकी लावायची आणि उलट्या दिशेनं हळूहळू ठोकायचं. त्याला कोणीतरी कार्बोरेटर घट्ट धरायला हवा. मी आईला विचारलं, धरतेस का? तिनं मांडीत पोतं घेतलं, त्यावर तो धरला, दोन्ही अंगठे वाटीच्या सांध्यावर दाबून. मी ठोकलं. वीसेक ठोके झाले. काळ्या तेलात मला काही हललेलं दिसेना, आणि हातोडी घसरली तर तिच्या अंगठ्यावर बसेल, म्हणून माझ्याच्यानं पुढं ठोकवेना. मी हातोडी खाली ठेवली आणि म्हणालो, राहू दे, हा काही निघत नाही. उद्याचं मी डॉक्टरांना फोन करून सांगतो.

तिनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर मला कधीच कळलं नसतं.

"फिरला," ती म्हणाली. "मला बोटाला कळलं."

मी वाकून पाहिलं. केसभर फिरला होता. मी हातोडी उचलली, तिनं अंगठे पुन्हा दाबले. पाच मिनिटांत स्क्रू तिच्या ओंजळीत पडला. तिनं तो पदराच्या गाठीत बांधला आणि सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं.